मार्ग आणि वर्जन : गिटच्या सूत्रभाषेची चिकित्सा

आवृत्तिनियंत्रणाच्या साधनांचा विचार सामान्यतः तंत्रज्ञ करतात. परंतु फाइलींची नावे घेऊन ‘हे नोंदवा, हे वगळा’ असे सांगणारी आज्ञावली ही एक लहानशी भाषाच होय. तेव्हा तिच्या अर्थनियमांची चिकित्सा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करणे अप्रस्तुत ठरू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेले गिट हे साधन येथे विचारार्थ घेतले आहे.

उदाहरणादाखल वसई-विरार परिसरातील बोलींचा एक संग्रह कल्पू. त्यात ‘वसई’ व ‘विरार’ हे फोल्डर, वसईत ‘सामवेदी’ व ‘वाडवळी’ हे पोटफोल्डर, आणि ठिकठिकाणी ‘ध्वनिमुद्रणे’ या नावाचे फोल्डर आहेत. वर्जनसूचीत, म्हणजे गिटइग्नोर फाइलीत, नुसते ‘ध्वनिमुद्रणे’ लिहिले, तर खालच्या प्रत्येक पातळीवरील त्या नावाचे सर्व फोल्डर वगळले जातात. उलट नोंदीच्या आज्ञेत तेच नाव दिल्यास ते आज्ञा देणारा ज्या फोल्डरात आहे तेथूनच मोजले जाते. एकीकडे नाम जातिवाचक, तर दुसरीकडे स्थलसापेक्ष. हा भेद समर्थनीय आहे. सूची कायमची बोलते, आज्ञा त्या क्षणापुरती.

तारकेविषयी मात्र असे म्हणता येत नाही. ‘वसई/*-मसुदा’ हे सूत्र सूचीत असता वसईच्या लगतच्या फाइलींपुरतेच चालते. तेच अवतरणचिन्हांत घालून आज्ञेस दिले, तर तारका तिरकी रेघ ओलांडते आणि ‘वसई/सामवेदी/गीते-मसुदा’ हीही फाइल कवेत घेते. आज्ञा फाइली काढून टाकण्याची असेल, तर या द्व्यर्थाचे मोल सांगावयास नको.

अपवादाची गत याहून चिंत्य आहे. दोन नियमांचा विरोध आला असता पुढचा नियम प्रमाण मानावा, ही पाणिनीची व्यवस्था (१.४.२) सुपरिचित आहे. गिटची वर्जनसूचीही एका सूचीपुरते हेच तत्त्व स्वीकारते. पण ‘वसई/’ हा फोल्डर वगळून पुढे उद्गारचिन्हाने ‘!वसई/सामवेदी’ असा अपवाद केला, तरी तो निष्फळ ठरतो. वेग राखण्यासाठी वगळलेल्या फोल्डरात गिट शिरतच नाही. अपवाद लिहिलेला दिसतो आणि त्याची पाळी कधीच येत नाही. सर्व फोल्डर एकदम नोंदविणारी आज्ञा दिली असता सामवेदीचे लिप्यंतर मुकाट्याने गळते. कोणत्या नियमाने काय वगळले हे सांगणारी ‘चेक-इग्नोर’ ही आज्ञा आहे खरी. परंतु ज्यास शंकाच आली नाही, तो ती विचारणार कशी?

नागरी लिपीची अडचण वेगळीच आहे. ‘वऱ्हाडी’ या नावातील ‘ऱ’ हा एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. युनिकोड ही दोन्ही रूपे समतुल्य मानतो. गिट मात्र, मॅकवरील विशेष सोय सोडल्यास, त्यांस भिन्न नावे समजतो. डोळ्यांना एकच दिसणारे सूत्र मग फाइलीस लागू पडत नाही.

सारांश, एका चिन्हास सर्वत्र एकच अर्थ असावा. अपवाद लागू होणार नसेल तर तसे स्पष्ट सांगितले जावे. आणि नावांची तुलना समतुल्य रूपे एक मानून व्हावी. बोलींच्या संग्रहात जे नोंदले गेले नाही, ते बोलणारे पुन्हा भेटतीलच असे नाही. म्हणून वगळण्याच्या नियमांनी मौन पाळू नये.