रंगांतर-कोष्टकाचा वेग

चित्रपटाच्या रंगसंस्करणात ‘ओपनकलरआयओ’सारख्या प्रणाली प्रत्येक पिक्सेलचे गणित नव्याने न मांडता उत्तरे त्रिमित कोष्टकात आधीच भरून ठेवू शकतात. बाजूस 33 घरे घेतल्यास नोंदी 35,937. मधले रंग शेजारच्या नोंदींवरून अनुमानावयाचे. घनाच्या आठ कोपऱ्यांऐवजी चतुष्फलकाचे चारच घेणाऱ्या रीतीची स्तुती बहुधा वेगापुरतीच होते. ती अपुरी होय. काळ्या-पांढऱ्यास जोडणारा कर्ण सहाही चतुष्फलकांची सामाईक कड असल्याने करडा रंग दोन करड्या नोंदींवरूनच ठरतो. रंगीत कोपऱ्यांची छटा त्यास लागत नाही. (कोशकाराला अशी सोय कोठली!) मात्र प्रकाशमूल्ये सरळ प्रमाणातच ठेवून समान अंतरे पाडल्यास गडद छटांच्या वाट्याला मोजक्याच नोंदी येतात. तेथे लॉगरिदमी मापन आधी न योजता घरेच वाढविणे हा उपाय नव्हे. 65 घरांना 2,74,625 नोंदी लागतात.