मौनाचे व्याकरण : दोन आयरिश कादंबऱ्या

अलीकडच्या आयरिश कादंबरीचा विचार करताना तिच्या लयदार, बोलक्या इंग्रजीचा गौरव करण्याची प्रथा आहे. तो गौरव अयथार्थ नव्हे. परंतु अपुरा आहे. या कादंबरीचे खरे सामर्थ्य तिच्यातील अनुच्चारितात आहे.

अ‍ॅना बर्न्स यांच्या 'मिल्कमन' (२०१८) या बुकर पारितोषिकप्राप्त कादंबरीत विशेषनामे जवळजवळ नाहीतच. निवेदिका केवळ 'मधली बहीण' आहे. १९७० च्या दशकातील उत्तर आयर्लंडमध्ये नावावरून माणसाचा पंथ ताडला जाई; तेव्हा नाव टाळणे हा शैलीविलास नसून आत्मरक्षण होय. पाठलाग करणारा पुरुष तिला स्पर्श करीत नाही, म्हणून तिच्या छळाला समाजापाशी शब्दच नाही. तिची वाक्ये लांबतात ती त्या शब्दाच्या शोधात.

क्लेअर कीगन यांच्या 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) मध्ये वाक्ये आखूड आहेत. १९८५ च्या नाताळाच्या सुमारास न्यू रॉसमधील कोळसाव्यापारी बिल फर्लाँग याला कॉन्व्हेंटच्या कोळशाच्या कोठीत कोंडलेली मुलगी आढळते. गाव जाणते, परंतु बोलत नाही. मॅग्डलेन धुलाईगृहांपैकी अखेरचे १९९६ मध्ये बंद झाले आणि शासनाने क्षमा मागितली ती २०१३ मध्ये.

पहिली पाल्हाळिक आणि दुसरी त्रोटक, हा आक्षेप म्हणूनच वरवरचा ठरतो. 'मिल्कमन'चा मध्यभाग रेंगाळतो, हे मान्य करावे लागेल. तथापि दोन्ही कादंबऱ्यांत वाक्याची लांबी लेखिकेच्या लहरीने नव्हे, तर समाजाच्या भीतीने ठरली आहे.