प्रौढपणीचे नृत्यशिक्षण : झेल्डा फिट्झजेराल्डच्या ‘सेव्ह मी द वॉल्ट्झ’ या कादंबरीच्या निमित्ताने

१

गायनाप्रमाणेच नृत्याचेही शिक्षण बालवयात सुरू झाले पाहिजे, असा समज सर्वत्र रूढ आहे. युरोपातील बॅले या नृत्यप्रकाराच्या बाबतीत तर त्याला जवळजवळ नियमाचे स्वरूप आले आहे. तेथील मोठ्या नृत्यशाळा साधारणतः आठव्या ते दहाव्या वर्षाच्या सुमारास विद्यार्थी निवडतात आणि विशीच्या आत तो रंगभूमीवर उभा राहतो. या क्रमात जो बसत नाही, म्हणजे पंचविशी उलटल्यावर ज्याने प्रथमच बॅलेचा अभ्यास आरंभला, त्याच्या शिक्षणाला काय अर्थ उरतो? अग्रगण्य नर्तक होणे त्याच्या हाती नाही हे गृहीत धरले, तर त्याचे शिकणे हा केवळ व्यायाम ठरतो, की कलाव्यवहारात त्याला स्वतःचे असे काही स्थान आहे? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका कादंबरीच्या आधारे तपासावयाचा आहे.

झेल्डा फिट्झजेराल्ड हिचा जन्म १९०० सालचा. बालपणी तिने थोडेबहुत नृत्य केले होते; परंतु बॅलेचा गंभीर अभ्यास तिने १९२७ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी फिलाडेल्फियात सुरू केला आणि पुढे पॅरिस येथे ल्युबोव्ह येगोरोव्हा या रशियन नर्तिकेकडे तो चालू ठेवला. १९३० साली तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. १९३२ साली बाल्टिमोर येथे रुग्णालयात असताना अवघ्या काही आठवड्यांत तिने ‘सेव्ह मी द वॉल्ट्झ’ ही कादंबरी लिहिली, व ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. पतीच्या, म्हणजे स्कॉट फिट्झजेराल्डच्या, ‘टेंडर इज द नाइट’ (१९३४) या कादंबरीची सामग्री आणि हिची सामग्री बऱ्याच अंशी एकच असल्यामुळे पुढील समीक्षेने या पुस्तकाकडे दोनच दृष्टींनी पाहिले : एक तर आजाराचा दस्तऐवज म्हणून, नाही तर पतीच्या थोर कृतीची जोडप्रत म्हणून. दोन्ही दृष्टींतून एक गोष्ट निसटते. ती ही, की या कादंबरीचा उत्तरार्ध प्रौढ व्यक्तीच्या शिकण्यावर लिहिलेला आहे, आणि शिकणे या क्रियेचे इतके जवळून केलेले चित्रण ललित वाङ्मयात सहसा आढळत नाही.

२

कथानकाचा विस्तार येथे आवश्यक नाही. अलाबामा बेग्ज ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका न्यायाधीशाची धाकटी मुलगी. डेव्हिड नाइट या चित्रकाराशी तिचा विवाह होतो. न्यूयॉर्क, फ्रान्सचा समुद्रकिनारा, पॅरिस असा संसार फिरत राहतो. आणि पतीच्या कीर्तीच्या छायेत रिकामी झालेली ही स्त्री पॅरिसमध्ये एका रशियन नृत्यगुरूकडे बॅले शिकू लागते. आपल्याला छळणाऱ्या पिशाच्चांना या मार्गाने आपण हाकलून देऊ आणि स्वतःविषयीच्या खात्रीतून येणारी शांती मिळवू, अशी तिची श्रद्धा आहे.

भाषाभ्यासकाला या भागात प्रथम जाणवतो तो शैलीतील पालट. पूर्वार्धात उपमा-रूपकांची इतकी दाटी आहे की अर्थ वाट काढीत चालतो. नृत्यवर्गात शिरल्यावर उपमा थांबत नाहीत, पण त्यांची जात बदलते. त्या आता फुलांच्या व चांदण्याच्या राहत नाहीत. मांस, स्नायू, घाम आणि वजन यांच्या होतात. याचे कारण लेखिकेच्या हाती आता एक काटेकोर परिभाषा आली आहे, हे होय.

ही परिभाषा मुळातून पाहण्याजोगी आहे. चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिसमध्ये राजाश्रित नृत्यसंस्था स्थापिली. पायांच्या पाच मूलस्थितींच्या निश्चितीचे श्रेय परंपरा पियेर बोशां या नृत्यगुरूला देते. तेव्हापासून ही कला इटलीत गेली, रशियात गेली, जगभर पसरली, तरी तिचे शब्द फ्रेंचच राहिले. त्यांतील पुष्कळसे शब्द व्याकरणदृष्ट्या भूतकालवाचक धातुसाधिते आहेत. ‘प्लिए’ म्हणजे वाकलेला, ‘तांद्यू’ म्हणजे ताणलेला, ‘फोंद्यू’ म्हणजे वितळलेला, ‘फ्रापे’ म्हणजे आघात केलेला, ‘झते’ म्हणजे फेकलेला. गुरू जी आज्ञा देतो ती आज्ञार्थाने नव्हे, तर पूर्ण झालेल्या क्रियेच्या नावाने. क्रिया अद्याप घडावयाची आहे, पण तिचे नाव मात्र ती घडून गेल्यासारखे आहे. अनेक पदे जोडून जी साखळी तयार होते तिला ‘आंशेनमां’ म्हणतात. तिचे नाते शब्दाशी नसून वाक्याशी आहे. बार धरून केलेले व्यायाम ही या भाषेची वर्णमाला व रूपावली, आणि बार सोडून खोलीच्या मध्यभागी केलेली रचना हे तिचे वाक्य, असे म्हणावयास हरकत नाही.

लहान मूल हे शब्द अर्थ न कळता, नादासह उचलते. प्रौढ विद्यार्थी मात्र विचारतो : वितळलेला म्हणजे काय, आणि वितळणे वाकण्याहून वेगळे कसे? हा प्रश्न शारीरिक दुर्बलतेचे लक्षण नाही. ते प्रौढाचे भांडवल आहे. द्वितीय भाषेच्या अभ्यासातही हेच दिसते. एरिक लेनेबर्ग याने १९६७ साली भाषाग्रहणाचा अनुकूल काळ तारुण्यारंभी संपतो असा सिद्धांत मांडला. परंतु स्नो व हॉफ्नागेल-हॉले यांनी हॉलंडमध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास करून १९७८ साली असे दाखविले, की आरंभीच्या काळात कुमार व प्रौढ हे लहान मुलांच्या पुढे असतात. पुढे मुले त्यांना मागे टाकतात, आणि उच्चारात तर प्रौढाचे परकेपण बहुधा टिकूनच राहते. म्हणजे प्रौढाला व्याकरण लवकर उमगते, उच्चार मात्र पुरता साधत नाही.

३

अलाबामाच्या शिकण्याची शोकांतिका या भेदात आहे. कादंबरीत एक प्रसंग असा : पाय बाहेरच्या बाजूला वळावेत म्हणून ती आपली पावले लोखंडी पलंगाच्या गजांत अडकवून कित्येक आठवडे झोपते. समीक्षकांनी या प्रसंगाकडे वेडाची पूर्वखूण म्हणून पाहिले आहे. परंतु बॅलेच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यात वेडापेक्षा अज्ञान अधिक आहे, आणि ते अज्ञान फार अर्थपूर्ण आहे.

बॅलेत पाय बाहेर वळतात ते पावलापासून नव्हे. ते खुब्याच्या सांध्यात, मांडीचे हाड कटीच्या खोबणीत फिरते म्हणून वळतात. मांडीच्या हाडाला जन्मतः जो पीळ असतो तो बालपणात वाढीबरोबर कमी होत जातो. वाढ पूर्ण झाल्यावर हाडाची घडण व्यायामाने बदलत नाही. बालवयाचा आग्रह धरण्यामागे हे एक कारण आहे. म्हणून प्रौढ विद्यार्थ्याने करावयाचे असते ते एवढेच, की सांध्यात जितके वळण उपलब्ध आहे तितके खोलवरच्या स्नायूंनी पूर्णपणे वापरावयाचे. पावले जबरदस्तीने बाहेर वळविली तर तो ताण गुडघ्यावर व घोट्यावर पडतो. खुब्याला त्याची वार्ताही नसते. गजांत पाय अडकविणारी अलाबामा परिणामाला कारण समजत आहे. व्याकरण आत्मसात होण्यापूर्वीच देशी माणसासारखा उच्चार मिळविण्यासाठी जीभ पिळणाऱ्या विद्यार्थ्यासारखी तिची स्थिती आहे. प्रौढाला जे साधण्यासारखे होते ते सोडून, जे साधण्यासारखे नव्हते त्याच्याच मागे ती लागली.

ती असे का करते? कारण तिच्यापुढे यशाचे एकच माप आहे, आणि ते बालपणापासून शिकलेल्या नर्तिकेचे आहे. शिकत असताना तिला आनंद होतो की नाही, हा प्रश्न कादंबरीत जवळजवळ विचारलाच जात नाही. घर, पती व मुलगी यांपासून ती दूर होत जाते, शरीर झिजते, आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब, किती जवळ पोहोचलो, एवढ्याच भाषेत मांडला जातो.

४

या ठिकाणी चरित्रातील एक घटना ध्यानी घेतली पाहिजे. १९३० साली स्कॉटने येगोरोव्हाबाईंना झेल्डाच्या नृत्याविषयी स्पष्ट मत विचारले. त्यांच्या उत्तरात दोन विधाने होती. पहिले, अभ्यास उशिरा सुरू झाल्यामुळे ती पहिल्या प्रतीची नर्तिका होऊ शकणार नाही. दुसरे, ती चांगली नर्तिका होऊ शकेल आणि महत्त्वाच्या भूमिकाही समर्थपणे करू शकेल. पुढे १९३३ साली डॉक्टरांसमक्ष झालेल्या संभाषणात स्कॉटने पत्नीचे लेखन व नृत्य ही दोन्ही तिसऱ्या दर्जाची ठरविली. गुरूच्या दोन विधानांपैकी पहिलेच लोकांच्या लक्षात राहिले. दुसरे विधान वस्तुतः अधिक आश्चर्यकारक आहे : सत्ताविसाव्या वर्षी आरंभ करून तीन वर्षांच्या आत एखादी व्यक्ती त्या पायरीपर्यंत पोहोचू शकते, ही साक्ष स्वतः रशियाच्या राजकीय रंगभूमीवर नाचलेल्या नर्तिकेची आहे. १९२९ साली नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहाने झेल्डाला निमंत्रणही दिले होते, आणि त्यात ‘आइदा’ या संगीतिकेतील एका एकल नृत्याचा समावेश होता. ती गेली नाही.

कादंबरीत अलाबामा जाते. नेपल्सला ती रंगभूमीवर नाचते, आणि त्यानंतर पायाच्या जखमेतून रक्तात विष भिनते, शस्त्रक्रिया होते, नृत्य कायमचे संपते. माझ्या मते कादंबरीचा सर्वांत मोठा दोष येथे आहे. उशीर झाला होता की नव्हता, या प्रश्नाभोवती शंभराहून अधिक पाने फिरविल्यावर लेखिका उत्तर देत नाही. एक अपघात प्रश्नच पुसून टाकतो. असामर्थ्याने नृत्य संपले असते तर ती एक प्रामाणिक शोकांतिका झाली असती. मध्यम प्रतीची नर्तिका म्हणून अलाबामा जगली असती तर ती अधिक अवघड आणि अधिक नवी कादंबरी झाली असती. परंतु मध्यम प्रतीचे जीवन हे जीवन म्हणून चितारण्याची तयारी त्या काळच्या वाङ्मयात क्वचितच होती, आणि ज्या दांपत्याचे सारे मोठेपण ‘पहिली प्रत’ या शब्दांवर उभे होते त्यात तर ती मुळीच नव्हती.

५

तेव्हा प्रौढपणी शिकलेल्या कलेचे स्थान कोणते, या मूळ प्रश्नाकडे परत यावे लागते. भारतीय साहित्यशास्त्राने त्याचे अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. अभिनवगुप्ताच्या मते सहृदय हा जन्मतः सहृदय नसतो. काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे निर्मळ झाले आहे, तोच वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो. म्हणजे रसग्रहण हीच एक साधना आहे, आणि तिला वयाची अट नाही. काव्याचे अनुशीलन वाचनाने होते. नृत्याचे अनुशीलन मात्र केवळ पाहून पुरे होत नाही, ते काही अंशी शरीराने करावे लागते. काल्वो-मेरीनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली लंडन येथे केलेल्या मेंदूच्या अभ्यासात असे आढळले, की बॅलेचे नर्तक बॅले पाहत असताना त्यांच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग अपरिचित नृत्यप्रकार पाहतानाच्या मानाने अधिक कार्यरत होतात. हा अभ्यास निष्णात नर्तकांचा आहे, नवशिक्यांचा नव्हे. त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तथापि ज्याने स्वतः ‘फोंद्यू’ करताना एका पायावर वितळण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला नर्तिकेचे वितळणे वेगळे दिसते, एवढे तरी मानावयास अडचण नसावी.

या दृष्टीने आपल्याकडील एक उदाहरण बोलके आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्रौढपणी पाव्हलोव्हाच्या संचातील क्लिओ नॉर्डी हिच्याकडे बॅलेचे धडे घेतले. त्यांतून त्या बॅले नर्तिका झाल्या नाहीत. पाव्हलोव्हाच्याच प्रेरणेने त्या भारतीय नृत्याकडे वळल्या, आणि तिशी ओलांडल्यावर, १९३५ साली, अड्यार येथे भरतनाट्यम् घेऊन लोकांपुढे आल्या. एका कलेतील प्रौढ शिक्षण त्यांना दुसऱ्या कलेच्या दारापर्यंत घेऊन गेले. अलीकडे, २०१७ साली, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सने पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींसाठी बॅलेचे स्वतंत्र वर्ग सुरू केले. तेथे जाणाऱ्यांपैकी कोणालाही रंगभूमी खुणावीत नाही. तरी तेथे बार आहे, पाच मूलस्थिती आहेत, आणि फ्रेंच शब्दही तेच आहेत.

कलेच्या शिक्षणाला दोन मापे लावता येतात : आपण त्या कलेत काय निर्माण केले, हे एक, आणि तिच्यातील निर्मिती किती खोलवर जाणण्यास आपण पात्र झालो, हे दुसरे. पहिले माप वयाचे गुलाम आहे, दुसरे नाही. अलाबामाला दुसरे माप ठाऊकच नव्हते, म्हणून तिची साधना तिच्यावर उलटली. झेल्डाला मात्र ते नकळत लाभले असावे असे म्हणण्यास हे पुस्तकच आधार देते. वर्गातील घाम, वेदना आणि पायाच्या एका अंशाच्या वळणासाठीची झुंज ज्या अचूकतेने या पानांत उतरली आहे, ती पहिल्या रांगेत बसून बॅले पाहणाऱ्या कोणत्याही लेखकाला साधली नसती. कादंबरी म्हणून हे पुस्तक सदोष आहे. एका प्रौढ विद्यार्थिनीच्या आस्वादाची फलश्रुती म्हणून ते सकस आहे. आपल्या विभागात नोकरी-संसार सांभाळून उशिरा अभ्यासाला लागलेले जे विद्यार्थी येतात, त्यांच्या परीक्षकांनीही हा भेद ध्यानात ठेवावा, असे सुचवावेसे वाटते.