डिस्चार्ज कार्ड कोणासाठी?

शस्त्रक्रियांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. शस्त्रक्रियेनंतर हाती पडणाऱ्या कागदाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक घरी गेल्यावरचे सारे उपचार या कागदावरच अवलंबून असतात. म्हणून डिस्चार्ज कार्डाकडे एक लेखन म्हणून पाहावे आणि त्याचे गुणदोष तपासावेत, असे आम्ही ठरवले.

आधी गुण. निदान, शस्त्रक्रियेची तारीख, तपासण्यांचे आकडे, पुन्हा दाखवायला कधी यायचे, ही माहिती बहुधा नीट दिलेली असते. पुढच्या डॉक्टरला ती उपयोगी पडते. पण कार्ड घेऊन घरी जातो तो रुग्ण! त्याच्या वाट्याला येतात इंग्रजीतील ब्रँडची नावे आणि त्यापुढे '१-०-१' किंवा 'बीडी' अशा खुणा. औषध कशासाठी, किती दिवस, मध्येच थांबवले तर काय होईल आणि स्वस्त पर्याय आहे का, या चार प्रश्नांपैकी फार तर एकाचे उत्तर त्याला मिळते.

हा दोष केवळ भाषेचा नाही. यादीतील सगळी औषधे सारख्याच महत्त्वाची दिसतात. पैसे कमी पडले, की घरची मंडळी अंदाजाने एखादे गाळतात आणि बहुधा महागडे गाळतात. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाचे उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हालचाल कमी झाल्याने पायांच्या शिरांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि तेथे गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेतते. हा धोका घरी गेल्यावरही काही आठवडे राहतो. म्हणून रिव्हरॉक्साबॅनसारखी गोळी सुमारे ३५ दिवस दिली जाते. तिने वेदना कमी होत नाही, काही जाणवतही नाही. साहजिकच गाळण्यासाठी पहिली नजर तिच्यावर जाते.

याउलट सूज उतरावी म्हणून आपल्याकडे सेरॅशिओपेप्टिडेज सर्रास लिहून दिले जाते. जपानमधील मूळ कंपनीने ते २०११ साली बाजारातून मागे घेतले, कारण चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. जंतुसंसर्ग झालेला नसताना केवळ खबरदारी म्हणून दिलेली प्रतिजैविके शस्त्रक्रिया संपल्यावर पुढे चालू ठेवू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले आहे. अर्थात रुग्णाने स्वतःहून कोणतेही औषध बंद करू नये. पण विचारता येईल इतकी माहिती कार्डाने द्यायला हवी.

आता किमतीकडे वळू. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार आवश्यक औषधांची कमाल किंमत सरासरीने ठरते. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढून तीत १६ टक्के नफा मिळवतात. समजा, एका गोळीचे तीन ब्रँड २, ७ आणि ९ रुपयांना पडतात. सरासरी ६ रुपये. कमाल किंमत ६ रुपये ९६ पैसे. स्वस्त ब्रँड त्याच नफ्याने २ रुपये ३२ पैशांना मिळेल. रोज एक गोळी धरली तर ३५ दिवसांचा खर्च एकीकडे २४३ रुपये ६० पैसे, दुसरीकडे ८१ रुपये २० पैसे. कार्डावर कोणते नाव आहे, यावर हा फरक ठरतो. आयुष्मान भारत योजनेतही घरी गेल्यानंतरची १५ दिवसांपर्यंतचीच औषधे धरलेली आहेत. उरलेल्या दिवसांचा भार घरावरच पडतो.

डॉक्टरांना वेळ नसतो आणि किमती बदलत राहतात, हे आम्हाला मान्य आहे. पण किंमत लिहा असे आम्ही म्हणत नाही. औषधाचे मूळ नाव, कारण, दिवस आणि 'हे चुकवू नका' एवढी मराठी खूण पुरे. मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे वैद्यक परिषदेचा २०१६ साली सुधारलेला नियमही सांगतो. मूळ नाव असेल तरच जनऔषधी दुकानात स्वस्त गोळी मागता येते.

शिक्षकांनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा. रुग्णाचे नाव झाकलेले एखादे जुने कार्ड घेऊन विद्यार्थ्यांना वरचे चार प्रश्न विचारावेत. सरासरी आणि शेकडेवारी यांचे याहून खरे गणित पाठ्यपुस्तकात सापडणे अवघड. शिवाय हीच मुले उद्या घरच्यांचे कार्ड हातात धरून डॉक्टरांना विचारतील, की यातले कोणते औषध चुकवून चालणार नाही?