क्रिस्तपुराण आणि मोक्षाचे दार
मोक्ष सर्वांस खुला आहे, हे ख्रिस्ती मत मराठी ओवीत विस्ताराने मांडणारा ग्रंथ म्हणजे फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' (राशोल, १६१६). स्वर्गास 'वैकुंठ' म्हणणाऱ्या या इंग्रज जेझुइटाची भाषाप्रीती आम्ही मनःपूर्वक वाखाणतो. कोंकणीचे पहिले छापील व्याकरणही त्याचेच. परंतु त्याच साष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली होती. बेळगाव-निपाणीकडील कित्येक घरांची कुलदैवते त्या धामधुमीत अंत्रुजात गेली. दुसऱ्याचे देऊळ मोडून दाखविलेली मोक्षाची वाट सर्वांची कशी, असे आम्ही अवश्य विचारू. मात्र पंढरीच्या विठ्ठलाचे दारही अस्पृश्य मानलेल्यांस १९४७ पर्यंत बंद होते, हे विसरून नव्हे. वचन उदार खरे. पण ते पाळण्यात दोन्ही घरे उणी पडली.