पाहुण्यांना ‘बस’ म्हणावं कसं?

बार्बरा वुडहाऊसबाईंनी १९८० साली बीबीसीवरून अख्ख्या इंग्लंडला कुत्री शिकवली. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘नो बॅड डॉग्ज’. कुत्रं वाईट नसतं, मालक कच्चा असतो! म्हणणं पटतं. बाईंचा साखळीचा हिसका मात्र आता मागे पडलाय. कुत्र्यानं अंगावर उडी मारली की पाठ फिरवायची. चारी पाय जमिनीला टेकले की मगच लाड करायचे, हे नवं शास्त्र.

पण अलिबागेत शास्त्र शुक्रवारपर्यंतच टिकतं. शनिवारी मांडव्याला उतरून मुंबईचे पाहुणे येतात आणि “असू दे हो, आम्हाला आवडतं!” म्हणत उडी मारणाऱ्यालाच कवटाळतात. सोमवारी तीच उडी काठी टेकत आलेल्या शेजारच्या आजींवर! मालकाला शिकवून भागत नाही, बाई. पाहुण्यांवरचं प्रकरण राहूनच गेलं.