साठवलेल्या विजेचे कोठार आणि त्याची किल्ली

दिवेलागणीची वेळ आमच्या पेडणे महालात अजूनही घड्याळावाचून ओळखता येते. भगवतीच्या देवळात समया उजळतात, बाजारातील दुकानांचे दिवे लागतात, घरोघर पंखे आणि पाण्याचे पंप एकदम सुरू होतात. आणि नेमक्या ह्याच घटकेला छपरांवरील सौरपट्ट्या निकामी होतात. दुपारी ज्याने गरजेहून अधिक दिले, तो सूर्य आता काही देत नाही. गोव्याला स्वतःचे म्हणावे असे मोठे वीजकेंद्र नाही. आमचा संध्याकाळचा दिवा बऱ्याच अंशी कोर्बा आणि विंध्याचल येथील कोळशावर जळतो. देशाची सौरक्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लक्ष मेगावॅटच्या पुढे गेली, तरी दुपार आणि संध्याकाळ ह्यांमधील हा दुरावा तिने मिटलेला नाही. तो मिटवावयाचा तर वीज साठविली पाहिजे.

ह्या साठवणीविषयी जे लिहिले जाते त्यात लिथियमच्या गुणगानाचाच भाग मोठा असतो. आम्हांस येथे परीक्षण करावयाचे आहे ते यंत्राचे नव्हे, नियमाचे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये वीज नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यातील साठवणीचे कलम आमच्यासमोर आहे. वकिलाला यंत्रापेक्षा शब्द अधिक कळतात, हा दोष वाचकांनी पदरात घ्यावा.

प्रथम गुण सांगितला पाहिजे. २००३ च्या वीज कायद्याने निर्मिती, पारेषण, वितरण आणि व्यापार हे धंदे वेगळे मांडले होते. त्यांत साठवणीला स्वतःचे घर नव्हते. बॅटरी वीज घेते तेव्हा ती ग्राहक, आणि देते तेव्हा उत्पादक. मग तिला म्हणावे काय? २०२० पासून मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिनीवर जो वाद माजला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्या काळात ह्या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते. बॅटरी ठेवली असती तर वाहिनीची गरजच उरली नसती, असे आम्ही म्हणणार नाही. वाहिनी वीज आणते, बॅटरी केवळ राखते. परंतु ज्या वस्तूला कायद्यात नाव नाही ती तराजूत घालता येत नाही, एवढे खरे. नव्या नियमाने ते नाव दिले. निर्मिती, पारेषण, वितरण ह्यांपैकी कोणाच्याही अंगाने साठवण उभी राहील, अथवा स्वतंत्रही राहील, असे त्याने म्हटले. हा गोंधळ निस्तरला, हे उत्तम झाले.

आता दोष. मालकाने साठवणीची जागा पूर्ण वा अंशतः विकावी, पट्ट्याने द्यावी वा भाड्याने द्यावी, अशी मुभा हा नियम देतो. म्हणजे कोठार कोणी बांधावे आणि कोणाला भाड्याने द्यावे हे ठरले; त्यातील धान्य टंचाईच्या दिवशी कोणाच्या पानात पडावे, ह्याविषयी ह्या कलमात शब्द नाही. वीजबाजारात दर युनिटला दहा रुपयांची मर्यादा आहे, आणि भाव चढतात ते बहुधा संध्याकाळीच. जो भाडे अधिक देईल त्याच्याकडे कोठाराची किल्ली जाईल. कोणी म्हणेल, सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या अनुदानाच्या योजनेत बॅटरीच्या क्षमतेपैकी निदान ८५ टक्के वितरकांना मिळावी अशी अट आहे. आहे खरी, परंतु ती अनुदान घेणाऱ्यापुरती आहे, कायद्याने सर्वांवर घातलेली नव्हे. शिवाय वितरक म्हणजे गाव नव्हे. वितरकाला मिळालेली वीज किनाऱ्यावरील उपाहारगृहांकडे गेली की मोरजी-मांद्रेच्या मागील वाड्यांवर पोचली, हे अटीत कोठेच विचारलेले नाही.

हा आक्षेप अगदी नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांसाठी सह्याद्रीत पाणी साठविण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाले. खोपोलीचे केंद्र १९१५ चे, भिऱ्याचे १९२७ चे. भिऱ्यासाठी मुळशीचे खोरे पाण्याखाली गेले, आणि १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी तेथे सत्याग्रह केला. त्यात अग्रभागी असलेले सेनापती बापट पुढे गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातही आले, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. धरण म्हणजे मोठी बॅटरीच. घाटघर येथे २००८ पासून मागणी कमी असताना पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडतात आणि २५० मेगावॅट वीज घेतात. ह्या मार्गात घातलेल्या विजेपैकी पाऊण हिस्सा वा थोडा अधिक परत येतो. लिथियमच्या बॅटरीत त्याहूनही अधिक. बॅटरीला खोरे बुडवावे लागत नाही, हा तिचा मोठाच गुण. मात्र पाणी कोणाच्या जमिनीवर साठले आणि दिवा कोणाच्या घरी लागला, हा मुळशीचा प्रश्न बॅटरीने सुटत नाही. तो दुसरीकडे सरकतो.

कोठे सरकतो, हे डिचोलीच्या वाचकांना सांगावे लागू नये. वीजजालासाठी आज ज्या बॅटऱ्या वापरतात त्यांतील बहुसंख्य लोह आणि फॉस्फेट ह्यांच्या संयुगावर चालतात. लोह! आमच्या डोंगरांतील लोह दगडमातीच्या रूपाने आधी जपानला, मग चीनला गेले आणि पोलाद होऊन परक्या भावाने परत आले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द करीपर्यंत हा क्रम चालला. झिंबाब्वेने डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या लिथियमच्या निर्यातीस बंदी घातली, ती हाच व्यवहार ओळखून. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतील रियासी येथे ५९ लक्ष टन लिथियम असल्याची वार्ता येताच वर्तमानपत्रांनी दिवाळी केली. तो अंदाज प्राथमिक होता, आणि बोलीदार पुरेसे न आल्याने लिलाव रद्द झाला. धातू जमिनीत असणे आणि घट हातात असणे ह्यांमध्ये शुद्धीकरणाचे अन् कारखान्याचे लांब अंतर आहे, आणि ते चीनने आधीच ओलांडले आहे. ते तोडण्यासाठी सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची, ५० गिगावॅट-तासांची योजना काढली. ठरल्या मुदतीत ते कारखाने उभे राहिले नाहीत. तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वसाहत आखलेली असल्याने आमच्या महालातही ह्या उद्योगाची आशा अधूनमधून ऐकू येते. आशा करावी, तिच्यावर भूखंड मात्र देऊ नयेत.

आमच्या ओळखीच्या एका देवस्थानात गर्भगृहाच्या दिव्यांसाठी इन्व्हर्टर आणला. पहिली दोन वर्षे सर्व ठीक चालले. तिसऱ्या वर्षी, ऐन श्रावणात, वीज गेली आणि इन्व्हर्टरही मुका. चौकशीअंती कळले की बॅटरीत पाणी घालण्याचे काम कोणाचे, हे कोणत्याच ठरावात लिहिलेले नव्हते. देणगीदाराचे नाव मात्र भिंतीवर होते. महाजनांनी १९३३ च्या रेग्युलामेंताखाली देवाच्या पैशाचा हिशोब ठेवण्याची सवय पिढ्यान् पिढ्या बाळगली. साठवलेल्या विजेचा तसा हिशोब मागण्याची सवय अजून कोणाला नाही.

तो मागण्याची जागा आहे. गोव्यात वितरण कंपनीकडे नाही, सरकारच्या वीज खात्याकडेच आहे, आणि त्याचे दर संयुक्त वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेऊन ठरवितो. खात्याने बॅटरी घेतली तर ती कोणत्या उपकेंद्राशी जोडणार, संध्याकाळी सहा ते दहा ह्या वेळात तिची वीज कोणत्या फीडरवर जाणार, आणि तिची क्षमता वर्षागणिक घटेल तेव्हा नव्या घटांचा खर्च दरात कसा बसविणार, हे तीन प्रश्न कोणत्याही ग्राहकाला तेथे लेखी मांडता येतात. त्यास वकील लागत नाही.